एका चुकीचे दोन रंग

मी लाल-निळी पेन्सिल बोलतेय. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. लाकडाच्या आत कुठेतरी दोन्ही रंग एकमेकांना टेकतात म्हणे, पण ती जागा मी स्वतःही पाहिलेली नाही.

आधीच सांगून टाकते, माझी कहाणी गोड नाही. ‘मी झिजले, पण मुलं शहाणी झाली’ असलं काही ऐकायचं असेल, तर दुसरी पेन्सिल शोधा. मी झिजले ते ज्या कामात, त्याची मला किळस येते. आणि सगळ्यात जास्त किळस येते ती हे काम करताना मी इतके दिवस गप्प राहिले याची.

माझा जन्म उत्तरेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईनं लाकडाच्या खाचेत अर्धी लाल कांडी आणि अर्धी निळी कांडी बसवली, वरून दुसरं लाकूड सरसानं चिकटवलं आणि दोन्ही टोकं सारखीच तासली. तिला दोन्ही रंग सारखे होते. त्यानंतर मला तसं कुणी वागवलं नाही.

तिथून मी वेर्चेल्ली शहराजवळच्या भातखाचरांमधल्या एका गावी आले. चर्चच्या चौकात वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. काचेच्या पेल्यात आम्ही बारा बहिणी उभ्या होतो. सप्टेंबर संपता संपता, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, काळ्या कोटातली एक बाई आली. दुकानदार लगबगीनं पुढे झाला.

“या बाई. नेहमीप्रमाणे डझनभर ना?”

“डझनभर. आणि चांगल्या बघून दे. मागच्या वेळचं निळं टोक डिसेंबरातच संपलं.”

“म्हणजे पोरं ढ होती बाई.”

“पोरं ढच असतात. आता तर सरकारनं दारच उघडं टाकलंय.”

दोघं हसले. मला तेव्हा त्या हसण्याचा अर्थ कळला नाही. लवकरच कळला.

या देशात शिक्षकांच्या हातात आमचं एकच काम असतं. मुलाची चूक लहान असेल, घाईत झालेली असेल, तर खाली लाल रेघ. चूक मोठी असेल, मुलाला काही कळलेलंच नाही असं दिसत असेल, तर निळी. लाल रेघेला अर्धा गुण जातो, निळीला दोन. इथली माणसं म्हातारी होतात, नातवंडं खेळवतात, तरी कुणी घोडचूक केली की म्हणतात, “ही निळ्या पेन्सिलीची चूक!” एवढी आमची दहशत.

मला विकत घेणाऱ्या बाईंचं नाव एर्मेलिंदा मोंतारोलो. वय अठ्ठावन्न. त्यांच्या हाताच्या सवयी सांगते, म्हणजे मी काय सोसलं ते कळेल. निळी रेघ गडद उमटावी म्हणून त्या माझं निळं टोक जिभेवर ओलं करत. जिभेला कायम ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळीचा वास. लाल टोक त्या क्वचितच वापरत, म्हणून ते अंबाड्यात खुपसून डोकं खाजवायला कामी येई. कधी कधी कानही. एकदा तर त्यांनी त्याच टोकानं कॉफी ढवळली, आणि वर मुलांना म्हणाल्या, “स्वच्छता हा संस्कार असतो.”

हे एकोणीसशे पासष्ट साल. दोन-तीन वर्षांपूर्वीच सरकारनं नियम केला होता की चौदा वर्षांपर्यंत सगळी मुलं एकाच शाळेत शिकतील. त्याआधी कष्टकऱ्यांच्या पोरांची शाळाच वेगळी असे. आता औषधांच्या दुकानाच्या मालकाचा मुलगा आणि गिरणीत राबणाऱ्या बाईची मुलगी एकाच वर्गात, पुढच्या-मागच्या बाकावर बसत होते. बाईंना हे पटलेलं नव्हतं. त्या तसं बोलून दाखवत नसत. ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं.

बाईंची व्याकरण शिकवण्याची एक पद्धत होती. बावीस वर्षं त्या एकाच गोष्टीवरून शिकवत आल्या होत्या. तीच, सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. मुलगी आजारी आजीकडे खाऊची टोपली घेऊन निघते, रानात लांडगा भेटतो, लांडगा आधी पोचून आजीला गिळतो आणि तिच्या अंथरुणात शिरतो. बाई एकेक वाक्य सांगत, मुलं लिहून घेत, आणि मग प्रत्येक वाक्याचे तुकडे पाडायचे. कोणी केलं? काय केलं? कोणाला? कशानं? कोणासोबत? कुठून? प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं. आणि ही नावं इतकी, की पाठ करता करता पोरं रडकुंडीला येत.

खरं सांगू? पद्धत चांगली होती. त्याचाच तर मला जास्त राग येतो. गोष्ट आधीच माहीत असते, त्यामुळे मुलाचं लक्ष वाक्याच्या हाडांकडे जातं. कोण करतो आणि कोणावर करतो, हे लख्ख दिसतं. एखाद्या चांगल्या माणसाच्या हातात ही पद्धत म्हणजे दिवा होता. बाईंच्या हातात ती चाळणी झाली.

वर्गात एक मुलगी होती, निवेस ओप्पेत्सो. तेरा वर्षांची, मनगटं बाहीच्या बाहेर आलेली, कारण झगा मागच्या वर्षीचा. तिला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी या वर्षानंतर वेर्चेल्लीच्या अध्यापिका विद्यालयात जावं लागणार होतं. शेवटच्या वर्षी शाळा प्रत्येक मुलाच्या घरी शिफारशीचा एक कागद देते. या मुलानं पुढे काय करावं, ते त्यावर लिहिलेलं असतं. निवेसचा कागद बाई लिहिणार होत्या. आणि निवेसच्या घरी बाईंचा शब्द म्हणजे पाद्र्याच्या शब्दाच्या वरचा.

लांडग्याची गोष्ट वर्गात सुरू झाली त्या दिवशी निवेसनं हात वर केला.

“बाई, लांडगा रानातून कसा येईल? आमची आजी सांगते तेव्हा तो कालव्याच्या बांधावरून येतो.”

वर्ग हसला. या भागात रान नाहीच. जिकडे बघावं तिकडे पाणी भरलेली खाचरं. निवेसनं जन्मात रान पाहिलं नव्हतं.

“तुझ्या आजीचा लांडगा तुझ्या आजीकडे ठेव,” बाई म्हणाल्या. “इथे माझा लांडगा. तो रानातून येतो. लिही.”

त्याच दुपारी शिक्षकांच्या खोलीत कॉफीबरोबर हा लांडगा सगळ्यांना वाटला गेला. “काय म्हणाली? कालव्यातून? पोहत?” गणिताचे सर टेबलावर थापा मारून हसले. या लोकांची ही रोजची करमणूक. कोणी निळी रेघ मोठ्यानं वाचून दाखवतो, बाकीचे हसतात. मोठाली माणसं, पगार घेणारी, तेरा वर्षांच्या पोरीच्या चुकीवर बिस्किटं खातात. मी बाईंच्या अंबाड्यात खुपसलेली, सगळं ऐकत होते.

पण निवेस खचली नाही. तिला या तुकडे पाडण्याची गोडी लागली. मार्चमध्ये एक दिवस तिनं पुन्हा हात वर केला.

“बाई, मी मोजलं. लांडगा सतरा वाक्यांत कर्ता आहे. मुलगी सहा. आजी एकाच वाक्यात कर्ता आहे, आणि ते वाक्य ‘आजी आजारी होती.’ म्हणजे आजी काहीच करत नाही, बाई. तिच्यावर फक्त होतं.”

मी बाईंच्या हातातच होते. मला वाटलं, आता बाई उठून या पोरीला जवळ घेतील. बावीस वर्षांत कोणाला हे दिसलं नव्हतं.

“तुला मी मोजायला सांगितलं होतं?” बाई म्हणाल्या. “पुढचं वाक्य लिही.”

एप्रिलच्या अखेरीस मोठी परीक्षा झाली. इथे परीक्षेचा कागद मोठा, दुहेरी. मुलं त्याला उभी घडी घालतात. डाव्या बाजूला मुलानं लिहायचं, उजवी बाजू बाईंसाठी कोरी. गोष्टीतली दहा वाक्यं, दहांचे तुकडे. निवेसच्या मागच्या बाकावर रुज्जेरो, औषधवाल्यांचा मुलगा. गोरा, गुबगुबीत, स्वभावानं वाईट नाही, फक्त आळशी. त्याला पुढे व्हायचं होतं वडील सांगतील ते. त्यानं मान लांब करून निवेसच्या कागदावरून दहाच्या दहा वाक्यं उतरवली. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांना दिसलं नाही म्हणून शप्पथ घेणार नाही मी.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडले. चुलीवर सूप शिजत होतं. गोळी तोंडात.

निवेसचा कागद आधी आला. सात वाक्यं बिनचूक. चौथ्यात एका तुकड्याला चुकीचं नाव. बाईंनी मला जिभेवर ओलं केलं. निळी रेघ. सहाव्यात एक चूक. निळी. नवव्यात एक. निळी. सहा गुण गेले. वर चार लिहिलं.

“शिरतच नाही यांच्या डोक्यात,” त्या सुपाला म्हणाल्या. “शिरणार कुठून? घरी काय बोलतात ते ऐकलंय मी.”

मग दोन-तीन कागद झाले आणि रुज्जेरोचा आला. सात वाक्यं बिनचूक. चौथ्यात चूक. तीच. त्याच तुकड्याला तेच चुकीचं नाव. बाईंनी मला उचललं, जिभेपर्यंत नेलं, आणि थांबल्या.

मला ठाऊक होतं की त्यांना दिसलं. हात थांबतो तेव्हा पेन्सिलीला कळतं.

मग त्यांनी मला बोटांमध्ये गर्रकन फिरवलं. ते लाल टोक, ज्याला आठवडाभर फक्त केसांचं तेल लागलं होतं, ते कागदावर टेकलं. लाल रेघ. सहाव्यात लाल. नवव्यात लाल. दीड गुण गेला.

“गाढवा,” बाई किती मायेनं म्हणाल्या! “घाई केलीस ना? वडिलांसारखाच.” आणि साडेआठ लिहिले.

मला त्या वेळी उलटी करता आली असती तर मी केली असती. पण पेन्सिलीला तोंड नसतं. टोक मोडायचं म्हटलं तर ते मोडलंही नाही. बाईंनी मला कानावर ठेवलं आणि सूप वाढून घेतलं.

शनिवारी वर्गात कागद वाटले गेले. इथल्या मुलांची एक रीत आहे. कागद हातात आला की वाईट गुण असतील तर कोपर आडवं टाकून झाकायचे, चांगले असतील तरी झाकायचे, शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. कोणी कोणाचा कागद बघत नाही. निवेसनं चार बघितले आणि कोपर आडवं टाकलं. तिचे कान लाल झाले.

रुज्जेरोला मात्र ही रीत कधी जमली नव्हती. तो पुढे वाकला.

“ए, किती गं तुला? मला साडेआठ!”

“गप बस.”

“सांग ना. तुझंच तर उतरवलं मी. तुला नऊ असणार.”

निवेसनं मागे वळून त्याच्याकडे बघितलं. मग कोपर काढलं. रुज्जेरोचं हसू तोंडावरच राहिलं.

“चार? अगं, मग तू स्वतःचंच चुकीचं उतरवलंस की काय?”

त्यानं आपला कागद तिच्या कागदाशेजारी ठेवला. दोघांची डोकी जवळ आली. चौथं वाक्य. सहावं. नववं. मी बाईंच्या टेबलावर पडले होते आणि मला तिथूनही दिसत होतं, एका कागदावर तीन निळ्या रेघा, दुसऱ्यावर त्याच जागी तीन लाल.

निवेस दोन्ही कागद घेऊन टेबलापाशी आली. रुज्जेरोनं उतरवलं, हे ती बोलली नाही. इथे चुगली केली की तुमच्याशी कोणी वर्षभर बोलत नाही. ती एवढंच म्हणाली, “बाई, चुका त्याच आहेत.”

बाईंनी कागदांकडे बघितलंसुद्धा नाही. “चूक तीच असेल. चुकणारं डोकं तेच नसतं. त्याला येतं आणि तो घाई करतो. तुला येत नाही आणि तू मेहनत करतेस. जा जागेवर.”

“मला येतं, बाई.”

“येत असतं तर निळं का झालं असतं?”

या वाक्याचे तुकडे पाडून बघा. मी पुष्कळदा पाडले. कोण काय करतं ते त्यात कुठे सापडतच नाही. निळं आपोआप झालं, जशी आजी आपोआप आजारी होती.

मेच्या मध्याला बाईंनी शिफारशीचे कागद लिहिले. निवेसच्या कागदावर लिहिलं: कष्टाळू, शांत, हातानं चांगली, शिवणकामाच्या शाळेत घालावी. रुज्जेरोच्या कागदावर लिहिलं: हुशार, थोडा धांदरट, लॅटिनच्या विद्यालयात घालावा, तिथून पुढे विद्यापीठ. मग पालकांना भेटायला बोलावलं.

गुरुवारी पिएरिना आली, निवेसची आई. तांदळाच्या गिरणीत दाणे निवडणारी. अंगावर रविवारचा कोट, मे महिन्यात, आणि हातात सलामीची, म्हणजे चरबीत मुरवलेल्या डुकराच्या मांसाची, मातीची बरणी. इथे बाईंना भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. औषधवाल्यांकडून तर नाताळात चॉकलेटचा एवढा मोठा डबा आला होता की त्याच्या रिबिनी बाईंनी अजून जपून ठेवल्या होत्या. पिएरिनानं बरणी टेबलाच्या कडेला ठेवली, खुर्चीच्या टोकावर बसली. निवेस तिच्यामागे उभी. दाराशी सेकोन्दिना मावशी फरशी पुसत होती. शाळेतली शिपाईबाई. ती सगळ्यांच्या भेटींच्या वेळी नेमकी तीच फरशी पुसते.

बाईंनी बरणीचं झाकण उचलून वास घेतला, खूश झाल्या, आणि मग कागद वाचून दाखवला.

“मुलगी सोन्यासारखी आहे, पिएरिना. हाताला वळण आहे. शिवणकाम शिकली की दोन वर्षांत घराला हातभार.”

“बाई म्हणतील तसं,” पिएरिना म्हणाली.

मला संताप आला. ही आई! पोरगी मागे उभी आहे, तिच्या श्वासाचा आवाज येतोय, आणि ही मान डोलावतेय. या मोठ्या माणसांचा एकमेकांवर किती तो विश्वास! एकीनं काहीही लिहावं, दुसरीनं कोट घालून येऊन ते डोक्याला लावावं.

“आई,” निवेस म्हणाली आणि तिनं दोन्ही कागद बरणीशेजारी ठेवले. रुज्जेरोनं आपला कागद तिला देऊन टाकला होता. “ने,” म्हणाला होता, “मी काय त्याचं लोणचं घालू?”

“हे काय गं?”

“एक माझा, एक रुज्जेरोचा.”

बाईंचा हात पुढे आला, पण पिएरिनाचा आधी पोचला. तिनं कागद उजेडात धरले, मग खाली ठेवले, एकाला एक लावून, कडा जुळवून.

“मला अक्षरं पटापट लागत नाहीत, बाई,” ती म्हणाली. “हे निळं म्हणजे काय?”

“मोठी चूक.”

“आणि लाल?”

“बारीक.”

पिएरिना वाकली. बोट एका कागदावर ठेवलं, दुसरं बोट दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही बोटं एकाच वेळी खाली नेली. तिची बोटं असं काम वीस वर्षं करत होती. गिरणीत पट्ट्यावरून दाणे येतात, चांगला दाणा राहू द्यायचा, डागाळलेला उचलायचा. अक्षर पटकन लागत नसलं तरी दोन दाणे सारखे आहेत की नाहीत, ते तिला डोळे मिटूनही कळलं असतं.

“इथे दोघांनी एकच लिहिलंय.”

“पिएरिना, ते तुला कळायचं नाही. त्याची घाई आहे. हिचं...”

“कळलं नाही म्हणूनच विचारते. एकच लिहिलंय ना?”

बाईंनी बरणीचं झाकण परत लावलं.

“दिसतंय मला. ही रेघ, ही रेघ. तेवढीच लांबी, त्याच जागी.” तिनं मान वर केली. आवाज वाढवला नाही. “बाई, मी पट्ट्यावर असं केलं ना, म्हणजे एकाच पोत्यातला एक दाणा राहू दिला आणि तसलाच दुसरा फेकला, तर मुकादम मला त्याच दिवशी घरी पाठवेल.”

“तू मला शिकवायला आलीस?”

“नाही हो. मी सलामी घेऊन आले होते.”

दाराशी सेकोन्दिना मावशीचं फडकं थांबलं.

“हे जे लिहिलंय शिवणकामाचं,” पिएरिनानं विचारलं, “ते ऐकावंच लागतं का?”

“अनुभवी माणसांनी विचार करून लिहिलेलं असतं,” बाई म्हणाल्या.

“ऐकावंच लागतं का, विचारलं.”

“नाही गं पिएरिना,” दारातून मावशी म्हणाली. “सल्ला असतो तो. फॉर्मवर सही आईबापाची. मी इतकी वर्षं फॉर्म नेऊन पोचवतेय, एकावरही बाईंची सही नसते.”

“सेकोन्दिना! तुझी फरशी बघ!”

“बघतेच आहे बाई. जातच नाही डाग.”

पिएरिना उठली. मग तिनं टेबलावरून मला उचललं.

इतक्या खरखरीत बोटांत मी आधी कधीच नव्हते. तिनं मला लहान मुलासारखं मुठीत धरलं, कारण पेन्सिल धरायची सवयच नव्हती. “मोठी चूक म्हणजे हे टोक ना?” तिनं निवेसला विचारलं. निवेसनं मान हलवली. पिएरिनानं शिफारशीचा कागद ओढला आणि ‘शिवणकामाच्या शाळेत’ या शब्दांखाली एक रेघ मारली. ओबडधोबड, वाकडी, कागद जवळजवळ फाटला. निळी.

त्या रेघेत माझं बरंच टोक गेलं. माझ्या आयुष्यातली ही एकच रेघ, जिची मला किळस येत नाही.

मग तिनं बरणी उचलली, पोरीला म्हणाली, “चल गं,” आणि दोघी गेल्या.

तुम्हाला वाटेल की बाईंना काहीतरी वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पाच मिनिटांनी त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि खुर्चीत बसत म्हणाल्या, “बरणी परत नेली हो! दिलेली वस्तू परत नेली! अशी ही माणसं!” आणि त्या सगळ्या शिकलेल्या लोकांनी च्, च् केलं. एकानंही विचारलं नाही की का नेली. नंतर बाईंनी कोरा कागद घेतला आणि शिफारस पुन्हा लिहिली, शब्दाला शब्द तीच. शिवणकाम.

पण जूनमध्ये परीक्षा संपल्यावर पिएरिनानं शाळेच्या कचेरीत अध्यापिका विद्यालयाच्या फॉर्मवर आपलं नाव लिहिलं. मावशी सांगते, त्या चार अक्षरांना तिला पाच मिनिटं लागली, आणि मागे रांगेत औषधवाले उभे होते, त्यांना थांबावं लागलं. ऑक्टोबरपासून निवेस सकाळच्या पहिल्या बसनं शहरात जाते. पहिल्या सहामाहीत तिला लॅटिनमध्ये कमी गुण पडले, हेही मावशीनंच सांगितलं. पुढे ती टिकेल की नाही, मला माहीत नाही. निदान ती तिथे चुकतेय. चुकायला तिला जागा मिळाली.

आणि मी? निळा भाग त्यानंतरच्या जानेवारीत संपला. नव्या वर्गाची नवी पोरं, तोच लांडगा, तीच टोपली, त्याच रेघा. हो, त्याही मीच मारल्या. मोडले नाही. आता माझ्यात फक्त लाल उरलाय, जवळजवळ आख्खा. बाईंना त्याचा काही उपयोग नाही, म्हणून त्यांनी मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि पिशवीतून नवी काढली. सेकोन्दिना मावशीनं मला डब्यातून उचललं. ती माझ्यानं खडूच्या खोक्यांवर आकडे लिहिते आणि एप्रनच्या खिशात ठेवते. खिशाला फिनेलचा वास येतो. ज्येष्ठमधापेक्षा पुष्कळ बरा.

माझ्यावर दया करा असं मी म्हणणार नाही. दया करण्यासारखं माझ्यात काही नाही. पण तुम्ही ज्या बाकांवर बसता तिथे एवढं करा. कागद हातात आला की कोपर काढा. शेजाऱ्याचा मागून घ्या, आपला त्याला द्या, आणि दोन्ही एकमेकांना लावून ठेवा. वाटेल थोडं वाईट. वाटू दे. झाकलेल्या कागदांवर आमच्यासारख्या पेन्सिली काय वाटेल ते करतात, आणि आमच्या मागे कोणाचा हात होता ते कधी कोणाला कळत नाही.